पंचवीस मिनिटांचा निबंध

परवा नात जीआरईच्या तयारीचे कागद पसरून बसली होती. एका कागदावर नुसतीच नावं... गांधीजी, एडिसन, मेरी क्युरी, टायटॅनिक. विचारलं, "हे काय गं?" तर म्हणते, "उदाहरणं आहेत आजी. विषय कुठलाही येऊ दे, यातलं एक बसवायचं. तिथे सुचायची वाट कोण बघणार?"

जन्मभर निबंध शिकवलेली मी! मला गप्प बसवेना. घड्याळ लावून निबंध लिहायची ही तऱ्हा अमेरिकेत कशी आली, ते शोधून वाचलं.

तिथल्या कॉलेज बोर्डाच्या प्रवेशपरीक्षा १९०१ साली सुरू झाल्या, तेव्हा त्यांत सविस्तर उत्तरं लिहावी लागत. १९२६ साली झटपट उत्तरांची एसएटी आली आणि १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, जुनी लेखी परीक्षा बंद पडली. पुढे २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी एसएटीवरच बोट ठेवलं, तेव्हा बोर्ड हललं. २००५ पासून एसएटीत पंचवीस मिनिटांचा निबंध सक्तीचा झाला. जीआरईत तो २००२ सालीच आला होता.

आता पंचवीस मिनिटांत सुचायचं कधी आणि लिहायचं कधी? म्हणून मार्गदर्शक पुस्तकं सांगू लागली, आधी तीन-चार मिनिटं 'ब्रेनस्टॉर्मिंग' करा. हा शब्द जाहिरात व्यवसायातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी रुळवला. त्यांचा नियम साधा होता. सुचेल ते सगळं आधी मांडा, चूक-बरोबर नंतर ठरवा. पण ते चार माणसांनी एकत्र बसून करायचं काम. परीक्षेत मूल एकटं आणि समोर घड्याळ! मग उदाहरणं घरूनच तयार करून न्यायची वाट निघाली.

एमआयटीतले लेखनाचे प्राध्यापक लेस पेरेलमन यांनी २००५ सालीच एसएटीचे तपासलेले नमुना-निबंध पाहिले. त्यांना दिसलं, की निबंध जितका लांब तितके गुण जास्त. माहिती चुकली तरी गुण कापायचे नाहीत, असंही तपासनिसांना सांगितलेलं होतं. पुढे २०१६ साली हा निबंध ऐच्छिक झाला आणि २०२१ साली सर्वसाधारण एसएटीतून तो गेलाच. जीआरईत मात्र अजून अर्ध्या तासाचा एक निबंध आहे.

हे वाचून हसू आलं, आणि लगेच थांबलं. कारण मी तरी काय वेगळं केलं होतं? 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर एका मुलाने लिहिलं होतं, की घर गळतं म्हणून आई रात्रभर भांडी हलवत होती आणि त्याची वह्या-पुस्तकं भिजली. मी शेरा दिला, 'निसर्गवर्णन नाही', आणि दहापैकी चार गुण. वर्गातल्या बाकी साऱ्यांचे मोर नाचले होते. त्या मुलाने पुन्हा कधी घरचं काही लिहिलं नाही. पुढच्या निबंधात त्याचाही मोर नाचला, आणि मी त्याला सात दिले!

असो. नातीला म्हटलं, ती यादी जरा बाजूला ठेव. 'यंत्रांमुळे माणसाची विचारशक्ती कमी होते का?' असा विषय दिला. तीन मिनिटं सुचेल ते लिही, काही खोडू नकोस. मग स्वतःलाच विचार, हे मी कुठे पाहिलंय? आणि याच्या उलट कुठे पाहिलंय?

तिला आमच्या कोपऱ्यावरचे वाणी आठवले. सगळा हिशेब तोंडी करायचे. आता मुलगा यंत्रावर करतो, पण उधारी कोणाला द्यायची हे अजून म्हाताऱ्यालाच विचारतो. दोन्ही बाजू एकाच दुकानात सापडल्या की!

गुण किती पडतील ते देव जाणे. पण तो निबंध मी दोनदा वाचला.