सोडणें आणि सुटणें
(नभोवाणीवरील भाषण)



सिगारेट सोडण्याचा निश्चय एकदांही केला नाहीं असा सिगारेट ओढणारा मनुष्य विरळाच सांपडेल. आणि तो निश्चय पहिल्याच खेपेस तडीस नेणाराही तितकाच विरळा. या दोघांच्या मध्यें एक फार मोठा वर्ग आहे. तो पाडव्याला सिगारेट सोडतो, आजारपणांत सोडतो, घरांत नातवंड आलें म्हणजे सोडतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हां धरतो. लोक त्याला दुबळ्या मनाचा म्हणतात; पुढें पुढें तो स्वतःही तसेंच म्हणूं लागतो. मी या वर्गांत बरींच वर्षें बसलेला विद्यार्थी आहें. म्हणून त्याची बाजू आज इतिहासाच्या आधारानें आपल्यापुढें मांडण्याचें योजिलें आहे.

तंबाखू हें मूळचें अमेरिका खंडांतील झाड. पोर्तुगीजांबरोबर तें आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलें आणि दक्षिणेच्या दरबारांत शिरलें. 1604 च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असदबेग हा विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें तंबाखू आणि एक रत्नजडित नळी बादशहास नजर केली. अकबरानें कौतुकानें दोन-चार झुरके घेतले. राजवैद्यानें मात्र या अपरिचित द्रव्यास हरकत घेतली. वाद झाला, आणि बादशहानें तें पुढें आपलेंसें केलें नाहीं. परंतु असदबेगानें बरोबर आणलेली तंबाखू सरदारांत वांटली, आणि थोड्याच काळांत व्यापारी ती विकूं लागले. व्यसनाची पहिली पायरी ही अशी कौतुकाची असते.

पुढें 1617 सालीं जहांगीर बादशहानें तंबाखूवर बंदी घातली. इराणचा शहा अब्बास यानेंही ती घातली होती. पण जहांगिराचाच वकील खान आलम हा त्या वेळीं इराणच्या दरबारीं होता, आणि त्याला तंबाखूवांचून क्षणभरही राहवत नसे! ही गोष्ट शहाच्या कानीं गेली, तेव्हां त्यानें एका काव्योक्तीनें त्याला सूट दिली. ही हकीकत जहांगिरानें आपल्या आत्मचरित्रांत स्वतःच नमूद केली आहे. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजानें 1604 मध्यें तंबाखूच्या निषेधार्थ पुस्तिका लिहिली, आणि पौंडामागें 2 पेन्स असलेली जकात 6 शिलिंग 10 पेन्सांवर नेली. तुर्कस्तानचा सुलतान चौथा मुराद यानें तर 1633 मध्यें देहदंडाची शिक्षा ठरविली. इतकें होऊनही तंबाखू लंडनमधून गेली नाहीं, इस्तंबूलमधून गेली नाहीं आणि आग्र्यांतूनही गेली नाहीं. बाहेरून आलेला हुकूम हात बांधूं शकतो. आंतली ओढ त्यानें तुटत नाहीं.

मग आंतून आलेला हुकूम, म्हणजे आपला स्वतःचा संकल्प, तो तरी पुरा पडतो काय? मानवी मनाचा ठाव घेण्यांत ज्यानें आयुष्य वेंचलें, त्या डॉक्टर सिग्मंड फ्रॉइडचें उदाहरण पाहूं. व्हिएन्नांतील हा विद्वान दिवसाकाठीं सुमारें वीस सिगार ओढीत असे. 1894 च्या सुमारास हृदयाचा त्रास सुरू झाल्यामुळें फ्लीस या डॉक्टर मित्रानें त्याला सिगार बंद करण्यास सांगितलें. फ्रॉइडनें ते सोडले, पुन्हां धरले, पुन्हां सोडले. 1923 मध्यें त्याच्या जबड्यास कर्करोग झाला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाहीं. 1939 मध्यें लंडन येथें त्याचा अंत झाला. अशा पुरुषाला कोणी दुर्बल म्हणूं धजेल काय?

त्याच 1923 सालीं त्रिएस्ते शहरांतील इतालो स्वेव्हो या लेखकाची ‘झेनोची सदसद्विवेकबुद्धि’ या अर्थाच्या नांवाची इटालियन कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक जन्मभर ‘शेवटची सिगारेट’ ओढीत राहतो. प्रत्येक शेवटच्या सिगारेटची तारीख तो टिपून ठेवतो. पुस्तकांवर लिहितो, खोलीच्या भिंतींवर लिहितो. लेखकाला स्वतःलाही हें व्यसन होतें, आणि त्याच्याही रोजनिशींत असले संकल्प नमूद आहेत. या विनोदी कथेंत एक मार्मिक सत्य दडलेलें आहे. शेवटची म्हणून ओढलेली सिगारेट सर्वांत गोड लागते. आणि उद्यां सोडावयाची आहे या समाधानांत आजची बिनदिक्कत ओढली जाते. अशा रीतीनें संकल्प हाच व्यसनाचा साथीदार बनतो.

या ओढीचें शास्त्रीय स्वरूप समजण्यास मात्र फार काळ लागला. 1828 मध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पोसेल्ट आणि रायमान यांनीं तंबाखूंतील निकोटिन हें द्रव्य वेगळें काढलें. 1950 मध्यें रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनीं लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची पाहणी करून धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. ती पाहणी चालू असतांच डॉल यांनीं स्वतःची सिगारेट सोडली, हें सांगितलें पाहिजे. निकोटिन हें व्यसन लावणारें द्रव्य आहे असा स्पष्ट निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानें 1988 मध्यें दिला. धुराबरोबर तें कांहीं सेकंदांतच मेंदूस पोंचतें. तें थांबलें कीं चिडचिड, बेचैनी, निद्रानाश ही शरीराची मागणी सुरू होते. पहिले कांहीं दिवस ती तीव्र असते व पुढील कांहीं आठवड्यांत ओसरते. म्हणजे ज्याला आपण मनाचा दुबळेपणा म्हणत होतों, त्यांतला बराच भाग शरीराचा होता.

त्यावर उपायही निघाला. स्वीडनमधील लुंड येथील क्लेस लुंडग्रेन या संशोधकाच्या ध्यानांत आलें कीं, पाणबुडीवरील खलाशांना धूर काढतां येत नाहीं, तेव्हां ते तोंडांत तंबाखू धरून वेळ निभावतात. 1967 मध्यें त्यानें हें ओव्ह फर्नो या औषधशास्त्रज्ञास कळविलें. फर्नो स्वतः सिगारेट सोडूं पाहणारा होता. त्याच्या प्रयत्नांतून निकोटिनचा चघळण्याचा गोंद तयार झाला. धुरावांचून थोडें थोडें निकोटिन देऊन शरीराची मागणी हळूहळू उतरवीत न्यावयाची, ही त्यांतील युक्ति. 2009 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हा उपचार आवश्यक औषधांच्या यादींत घातला.

तथापि शरीराची मागणी संपल्यावरही, सहा-आठ महिन्यांनीं माणूस पुन्हां सिगारेट कां पेटवितो? याचें मला सर्वांत पटलेलें उत्तर अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनीं, ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह 1985 मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दिलें आहे. घसरणें आणि कोसळणें यांत त्यांनीं भेद केला. मन खिन्न असणें, कोणाशीं कलह होणें, मित्रमंडळींचा आग्रह होणें, हे घसरण्याचे नेहमींचे प्रसंग. त्यांत एक सिगारेट ओढली गेली, तर ती घसरण होय. पण ‘आतां व्रत मोडलेंच, मी हा असाच,’ असें म्हणून मनुष्य हातपाय गाळतो, आणि कोसळतो तो त्यानंतर.

हें वाचलें तेव्हां मला माझीच एक संध्याकाळ आठवली. तिसऱ्या खेपेस सिगारेट सोडून मला आठ महिने झाले होते. शाळेंतील एका सहकाऱ्याला पोंचवून आम्ही स्मशानांतून परतत होतों. चहाच्या दुकानापाशीं कोणीतरी एक पुढें केली. मीं ती घेतली. ती मला चांगलीही लागली नाहीं. परंतु घरीं जातांना वाटेंत अख्खें पाकीट घेतलें. आठ महिने वायां गेलेच आहेत, मग आतां कशासाठीं थांबावयाचें? मला बुडविलें तें त्या एका सिगारेटनें नव्हे, या हिशेबानें.

पांचव्या खेपेस मीं प्रतिज्ञा केली नाहीं; एक वही केली. मागील चार खेपांस मी कोठें कोठें घसरलों तें तींत मांडलें: जेवणानंतर, पेपर तपासतांना, घरांत वाद झाल्यावर, संध्याकाळच्या कट्ट्यावर. प्रत्येक प्रसंगापुढें दुसरें कांहींतरी लिहिलें. जेवणानंतर बडीशेप, वाद झाल्यास देवळापर्यंत एक फेरी, कट्टा सहा महिने बंद. चौथ्या महिन्यांत एका लग्नघरीं पुन्हां एक ओढली गेली. त्या रात्रीं मीं पाकीट घेतलें नाहीं. घरीं येऊन पत्नीला सांगितलें. ती रागावली नाहीं. “उद्यां वहींत लिहा,” एवढेंच म्हणाली. त्याला आतां अकरा वर्षें झालीं. अजूनही पेपरांचा गठ्ठा दिसला कीं बोटें क्षणभर चाळवतात. पण तो क्षण जातो, हें आतां मला ठाऊक आहे.

सोडणें हें एका दिवसाचें काम. सुटणें हें वर्षांचें. नापास झालेल्या मुलाची उत्तरपत्रिका जो फेंकून देतो तो शिक्षक नव्हे. कोणतीं गणितें चुकतात, तें तिच्यांतच दिसतें. आपल्या घरांत असा कोणी वारंवार नापास होणारा असेल, तर त्याला मागील खेपांची आठवण टोमण्यादाखल देऊं नका; त्या खेपा त्याची शिदोरी आहेत.

आणि वयाची सबब कोणी सांगूं नये. 34,000 हून अधिक ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष रिचर्ड डॉल व त्यांचे सहकारी यांनीं 2004 मध्यें प्रसिद्ध केला. तिसाव्या वर्षीं सिगारेट सोडणाऱ्याला सरासरीनें सुमारें दहा वर्षें, चाळिसाव्या वर्षीं नऊ, पन्नासाव्या वर्षीं सहा, आणि साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यालाही तीन वर्षें अधिक मिळतात. कितव्या खेपेस सोडली, हा प्रश्न त्या हिशेबांत कोठेंच नाहीं.