गळ्यातली चिठ्ठी

बोहारणीशी घासाघीस करणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जुन्या कपड्याची पारख म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. बोहारीण साडीचा पदर उजेडात धरते, जर खरी की खोटी ते बघते, पँट उलटी करून बूड विरलंय का ते तपासते आणि मग स्टीलच्या डब्याचं मोल ठरवते. कपड्याचं वय तिच्या कामाचं नसतं. त्याचं आयुष्य किती उरलंय, एवढंच तिला बघायचं असतं.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जुन्या कपड्यांचे शौकीन आणि संग्रहालयांतले जाणकार नेमका उलटा प्रश्न विचारतात. हा कोट कुणी शिवला, आणि कधी? आपल्याला वाटेल, बेतावरून कळत असेल. पण बेत फसवा असतो. फॅशन फिरून येते. १९३० च्या दशकातले घोळदार बेत १९७० च्या दशकात पुन्हा अवतरले होते. म्हणून जाणकार आधी कपडा उलटा करतात आणि गळ्याशी किंवा बगलेखालच्या शिवणीत अडकवलेली चिठ्ठी, म्हणजे लेबल, शोधतात. त्यावर कंपनीचं नाव असतं, ते सगळेच वाचतात. खरी गंमत त्याच्या खालच्या बारीक अक्षरांत असते.

ही बारीक अक्षरं कुणी हौसेनं छापलेली नाहीत. ती सरकारनं किंवा कामगारांनी छापायला लावली. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या एखाद्या कोटात निळ्या गरुडाची चिठ्ठी सापडते. एका पंज्यात दातेरी चाक, दुसऱ्यात विजेचे बाण. महामंदीत, १९३३ साली रूझवेल्टच्या सरकारनं मजुरी आणि कामाचे तास यांचे नियम ठरवले. ते पाळणाऱ्या कारखान्यांना हा गरुड लावता येई. मे १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्द केला, तोही ब्रुकलिनच्या कोंबडी व्यापाऱ्यांच्या खटल्यात! कोंबड्यांनी गरुड उडवला म्हणायचा. तेव्हा गरुडवाला कोट दिसला की तो या दोन वर्षांतला, हे जाणकार पटकन सांगतात.

असंच आकड्यांचं. लोकरीच्या कपड्यांवर घटक लिहिण्याचा कायदा तिथे १९४१ साली अमलात आला आणि नोंदलेल्या कंपन्यांना ‘डब्ल्यूपीएल’ क्रमांक मिळू लागले. १९५९ नंतर ते देणं थांबलं, पुढे ‘आरएन’ क्रमांक चालू राहिले. मात्र हा क्रमांक कंपनीच्या नोंदणीचा, कपड्याच्या जन्माचा नव्हे. १९६२ साली नोंदलेली कंपनी तोच आकडा पुढे वीस वर्षंही शिवत राहील. कपडा त्याहून जुना नाही, एवढंच तो सांगतो. कपड्यात कुठला धागा किती टक्के, हे सर्व प्रकारच्या कापडावर लिहिणं १९६० पासून सक्तीचं झालं. धुण्याच्या सूचना १९७२ पासून. लेव्हायच्या जीन्सवरच्या लाल फितीत ‘ई’ हे अक्षर मोठं असेल तर ती सहसा १९७१ च्या आधीची. एका अक्षरापायी तिची किंमत कित्येक पटींनी वाढते.

मला स्वतःला या सगळ्यांत मोलाची वाटते ती बायकांच्या कपड्यांतली एक साधी निळी-पांढरी चिठ्ठी. सुई-दोऱ्याचं चित्र आणि भोवती ‘इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन’ हे नाव. ही संघटना १९०० साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. नाव ‘लेडीज गारमेंट’, म्हणजे बायकांचे कपडे. पण ते शिवणाऱ्याही बहुतांश बायकाच, रशियातून आणि इटलीतून आलेल्या, कित्येक तर सोळा-सतरा वर्षांच्या मुली. १९०९ च्या हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक जणींनी संप केला. बऱ्याच मालकांनी करार केले. ट्रँगल शर्टवेस्ट या कारखान्यानं युनियनशी करार केला नाही.

२५ मार्च १९११, शनिवार, सुटीची वेळ. ट्रँगलच्या आठव्या मजल्यावर कापडाच्या कचऱ्याला आग लागली. नवव्या मजल्यावरच्या जिन्याच्या एका दाराला कुलूप होतं. मुली चोरी करून पळू नयेत, कामावरून लवकर निसटू नयेत, म्हणून. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्याच्या आसपासच संपली. १४६ माणसं गेली, त्यांत १२३ बायका आणि मुली. मालकांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. त्या कारखान्यातला ब्लाऊज आज कुणाला मिळाला तर त्याच्या चिठ्ठीत यातलं काही असणार नाही. असेल तर मालकाचं नाव.

युनियनची चिठ्ठी त्यानंतर हळूहळू रुळली. शिवणाऱ्या बाईचं नाव तिच्यावरही नसतंच. पण हा कपडा कराराखालच्या कारखान्यात शिवला, एवढी साक्ष ती देते. आम्ही कवी चार शब्दांत बरंच काही बसवायला बघतो. या चिठ्ठीनं ते न बोलता साधलंय. तिच्यावरून सालही काढता येतं. ‘एएफएल’ ही तीन अक्षरं असतील तर १९४० ते १९५५ चा काळ. पुढे ‘सीआयओ’ जोडलं असेल तर १९५५ नंतरचा, कारण त्या वर्षी दोन्ही कामगार महासंघ एक झाले. चिठ्ठीत लाल रंग आला १९७४ मध्ये. १९९५ साली ही संघटनाच दुसरीत विलीन झाली आणि चिठ्ठी बंद पडली. अर्थात, एका कपड्याची चिठ्ठी उसवून दुसऱ्याला शिवणारे महाभागही आहेत. म्हणून टाक्यांची भोकं, दोऱ्याचा रंग, चेन धातूची की नायलॉनची, हे पडताळून पाहावं लागतं.

आपल्याकडे रेडिमेडच उशिरा आलं. आमच्या मोहल्ल्यातले दर्जीचाचा, ज्यांना सगळे मास्टर म्हणत, कॉलरीच्या आत आपल्या दुकानाची चिठ्ठी न चुकता शिवायचे. तिला भाव नसेल, पण युक्ती तीच चालते. पत्त्यात पिनकोड असेल तर सदरा १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला आला. मुंबईच्या दुकानाचा फोन सात आकडी असेल तर चिठ्ठी बहुधा २००२ च्या आधी छापलेली. त्या वर्षी तिथले नंबर आठ आकडी झाले.

आणि विलायतेत टाकून दिलेल्या त्या कोटांचं काय होतं? त्यांतले पुष्कळसे लोकरी कपडे येतात पानिपतला. मराठी माणसाला हे गाव १७६१ पासून ठाऊक आहे. आज ते जुन्या कपड्यांचं मोठं ठिकाण आहे. पुन्हा घालता येऊ नयेत म्हणून ते फाडले जातात, रंगांप्रमाणे ढीग लागतात, मग पिंजून सूत, सुतातून ब्लँकेटं. पिंजण्याआधी बटणं, चेन आणि चिठ्ठ्या काढायच्या. हे काम बायकांचं. मेघना गुप्ता यांनी २०१२ मध्ये ‘अनरॅव्हल’ नावाचा छोटा माहितीपट त्यांच्यावर केला. इतके धडधाकट कपडे लोक टाकतात का, याचा त्या बायका आपसांत अंदाज बांधतात. त्यांचं म्हणणं असं, की तिकडे पाण्याची टंचाई असणार. धुणं परवडत नसेल, म्हणून बिचारे दोन-चारदा घालून फेकून देतात.