पडद्यावरील थरांचा कारभारी : सर्फेसफ्लिंगर

विंडोज एक्सपीवर हँग झालेल्या प्रोग्रॅमवरून दुसरी विंडो ओढली की तिचे ठसे मागे उरत. कारण प्रत्येक प्रोग्रॅम थेट पडद्यावरच चितारत असे. २००८ साली फोनवर अवतरलेल्या अँड्रॉइडने हा अधिकार ॲपला दिलाच नाही. प्रत्येक विंडोला मेमरीत स्वतंत्र पृष्ठ मिळाले. ती पृष्ठे वरखाली रचून एकच चित्र सिद्ध करणे हे सर्फेसफ्लिंगरचे काम. तरीही स्क्रोल करताना पडदा अडखळेच. माझ्या मते खरा टप्पा २०१२चा : अँड्रॉइड ४.१मधील ‘प्रोजेक्ट बटर’ (होय, लोण्यावरूनच!). चितारणे आणि थर रचणे, दोन्ही पडद्याच्या ठोक्याशी बांधले गेले. सेकंदाला ६० ठोके, म्हणजे एका चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद. एखादे चित्र रेंगाळलेच, तर पुढचा ठोका वाया जाऊ नये म्हणून तिसरा बफरही हाताशी ठेवला गेला.