कडधान्यांवरील विषाणूरोग : अचूक निदानासाठी रेणवीय चाचणी

रायपूर : मूग, उडीद व तूर या पिकांवरील विषाणूरोगांवर औषध नाही. बुरशीनाशकाने विषाणू मरत नाही आणि बाधित रोप पुन्हा निरोगी होत नाही. त्यामुळे निदानास झालेल्या विलंबाची किंमत शेतकऱ्याला उत्पादनातून मोजावी लागते. पाने पिवळी पडणे हे लोह वा अन्य अन्नद्रव्यांच्या कमतरतेचेही लक्षण असल्याने केवळ डोळ्यांनी केलेली पारख अनेकदा फसते. अशा वेळी रेणवीय, अर्थात मॉलिक्युलर चाचणी निर्णायक ठरते.

मूग, उडीद व सोयाबीनवरील पिवळा मोझॅक हा रोग बेगोमोव्हायरस गटातील विषाणूंमुळे होतो आणि पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. भारतात मुगावर त्याची नोंद १९५५ मध्ये दिल्लीत झाली. २०२३ च्या खरिपात चंद्रपूरसह विदर्भातील सोयाबीनला त्याचा फटका बसला होता. रोगाचे दोन प्रमुख विषाणू असून एक मुख्यत्वे उत्तर, मध्य व पूर्व भारतात, तर दुसरा दक्षिण व पश्चिम भारतात आढळतो. दोहोंची लक्षणे सारखीच असल्याने त्यांतील भेद जनुकीय तपासणीतूनच कळतो. रोगप्रतिकारक वाण निवडताना हा भेद महत्त्वाचा असतो.

प्रयोगशाळेत पानातील डीएनए वेगळा करून पीसीआर तंत्राने विषाणूच्या ठरावीक जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती तयार केल्या जातात. त्यासाठी सुमारे ९४, ५५ व ७२ अंश सेल्सिअस तापमानाची ३० ते ३५ आवर्तने होतात. लॅम्प तंत्रात ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानावर साधारण तासाभरात निष्कर्ष मिळतो. तुरीवरील वांझ रोगाचे विषाणू आरएनए स्वरूपाचे असल्याने आधी त्याचे डीएनएत रूपांतर करावे लागते. अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे पसरणारा हा रोग १९३१ मध्ये बिहारमधील पुसा येथे नोंदवला गेला. मात्र त्यामागील विषाणूची ओळख पटण्यास जवळपास सात दशके लागली.

मध्य भारतात या विषयाच्या दृष्टीने रायपूरचे स्थान महत्त्वाचे आहे. येथे १९८७ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. जवळच्या बरोंडा येथील राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्थेचा परिसर २८ सप्टेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आला. कीड व रोगांमुळे पिकांवर येणारा ताण हाच या संस्थेच्या संशोधनाचा विषय आहे.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. विषाणूत बदल झाल्यास चाचणीतील प्रायमर जुळत नाहीत आणि बाधित रोप निरोगी ठरू शकते. नमुना दूषित झाल्यास उलट चूक संभवते. म्हणून प्रत्येक वेळी ज्ञात बाधित व निरोगी नमुनेही सोबत तपासले जातात. चाचणी रोग बरा करीत नाही. परंतु बाधित रोपे वेळीच उपटणे, पांढरी माशी आटोक्यात ठेवणे आणि प्रतिकारक वाण निवडणे या उपायांना ती योग्य दिशा देते व अनावश्यक फवारणीचा खर्च वाचवते.