उनकेश्वरचे ऊन पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर अंगाला तेल-उटणे लागते, आणि कढत पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर पडताच थंडी पळून जाते. बाहेर पोरे लवंगी फटाक्यांची माळ लावतात, आणि धुराबरोबर गंधकाचा तिखट दर्प माजघरापर्यंत येतो. ऊन पाणी आणि गंधक ही जोडी आपल्याकडे दिवाळीपुरती जमते. पैनगंगेच्या काठी मात्र ती बारमाही आहे असे लोक मानतात, आणि तेथले पाणी तापवायला कोणी चूल पेटवीत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला ही नदी सीमेसारखी वाहते. अलीकडे कापेश्वर, पलीकडे नांदेड जिल्ह्यातले उनकेश्वर. दोन्ही ठिकाणी भूमीतून ऊन पाणी वर येते. वणी तालुक्यात कायर येथेही असा झरा आहे. उनकेश्वरची कथा अशी सांगतात की, शरभंग ऋषींना कुष्ठ झाले, तेव्हा प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले आणि त्याने ऋषींची व्यथा गेली. ह्या पाण्यात गंधक आहे आणि त्याने कातडीचे रोग जातात, ही श्रद्धा तेथे पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे.

ही श्रद्धा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या रसशास्त्राने गंधक शुद्ध करून त्वचारोगांवर दिला. खरजेवर गंधकाचे मलम डॉक्टरही देत आले. शिवाय ज्याला गावाने वेशीबाहेर काढले, त्याला देवाच्या कुंडावाचून दुसरा आसरा तरी कोणता होता?

पण कुष्ठाचे प्रकरण खरजेहून निराळे. १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने ह्या रोगाचा जंतू दाखवून दिला. तो कातडीपाशी थांबत नाही, नसांमध्ये शिरून बसतो. वरून ओतलेले पाणी तेथवर पोचावे कसे? विदर्भात १९३६ साली मनोहरजी दिवाण वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोग्यांच्या सेवेस बसले, आणि १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्याच सुमारास औषधाचा काळ पालटत होता. १९४१ साली अमेरिकेत कारव्हिलच्या रुग्णालयात डॉ. फॅगेट ह्यांनी प्रोमिन हे नवे औषध वापरून पाहिले. पुढे त्याच कुळातली डॅप्सोनची स्वस्त गोळी आली. गंमत अशी की, ह्या डॅप्सोनच्या घडणीतही गंधकाचा एक अणू आहे! मात्र त्यावरून कथा खरी ठरली असे कोणी समजू नये. गोळीतला गंधक घट्ट बांधलेला, अबोल आहे. औषध आपले काम करते ते जंतूला लागणारे एक पोषकद्रव्य त्याला तयार करू न देऊन.

पुढे जंतू एकट्या डॅप्सोनला सरावले, आणि १९८० नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची रीत पडली. औषधाला जंतू सरावतात, त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतल्या एका कारणाचा शोध घेता घेता शास्त्रज्ञ पुन्हा गंधकापाशीच आले. पण हा गंधक अबोल नव्हे.

कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सर्वांना ठाऊक आहे. बंद गटारात तो माणसाचा जीव घेतो. तरीही १८८७ साली रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की ह्यांनी दाखविले की, गंधकाच्या पाण्यातले काही जंतू ह्याच वायूवर जगण्याची शक्ती मिळवतात. एकाचे विष ते दुसऱ्याचे अन्न! १९९६ साली तर जपानच्या आबे व किमुरा ह्यांनी सांगितले की, हा वायू आपल्या मेंदूतही अल्प प्रमाणात तयार होतो आणि तेथे निरोप्याचे काम करतो. शरीरातल्या प्रथिनांवर गंधकाचे काही अणू असतात. त्यांना आणखी एक गंधक येऊन चिकटला की, त्या प्रथिनाची वागणूक बदलते. निरोप पोचतो तो असा.

जंतूंनी ह्याच वायूची ढाल केली आहे. २०११ साली न्यूयॉर्कच्या न्यूडलर ह्यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, जंतू स्वतः तयार केलेल्या ह्या वायूच्या बळावर प्रतिजैविकांचा मारा सोसतात. २०१७ साली ह्या प्रश्नाला आपल्या पुण्याने हात घातला. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील हरिनाथ चक्रपाणी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमित सिंग ह्यांच्या गटांनी असा रेणू घडविला की, तो जंतूच्या पोटात शिरल्यावरच हा वायू सोडतो. वायू मिळताच जंतू औषधाला दाद देईनासे झाले. मूत्रमार्गाच्या रोग्यांकडून मिळालेल्या, अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंत तो मुळातच अधिक आढळला. आणि त्याची निर्मिती रोखली, तेव्हा तेच जंतू पुन्हा औषधाला बळी पडू लागले.

म्हणजे गंधक आपला की शत्रूचा, हा प्रश्नच चुकीचा. तो कोठे आहे, किती आहे आणि कोणाच्या हाती आहे, ह्यावर सारे ठरते. शरभंगाच्या कथेने गंधकात बळ आहे एवढे ओळखले. त्या बळाचा हिशेब मांडायला पुढची माणसे यावी लागली.

तेव्हा पैनगंगेकाठी गेलात तर त्या ऊन पाण्यात अवश्य स्नान करा; शीण जाईल, मन प्रसन्न होईल. पण अंगावर एखादा फिकट, बधिर चट्टा दिसला, तर कुंडाच्या आशेवर दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात त्यावरचे औषध फुकट मिळते, आणि ते पुरते घेणारा माणूस बरा होतो. अशा माणसाला उद्या फराळाला घरी बोलावून आपल्या पंक्तीला बसविले, तर ऋषींची व्यथा खऱ्या अर्थाने गेली असे म्हणता येईल.