वेदीपासून जठरापर्यंत

भोजनास बसताना पानाभोवती पाणी फिरवावयाचे आणि पहिले पाच लहान घास पंचप्राणांच्या नावाने घ्यावयाचे, हा रिवाज आपल्यापैकी पुष्कळांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या पानाशी पाहिला असेल. प्रत्येक घासाबरोबर 'स्वाहा' असा उच्चार असतो. हा तर होमातला शब्द. पानापुढे कुंड नाही, ज्वाळा नाही. मग आहुती कोणत्या अग्नीत पडते? या साध्या प्रश्नाचा माग काढीत गेले, तर अग्नीविषयीच्या हिंदू विचाराचा बराच इतिहास हाती लागतो, असे आम्हांस वाटते.

ऋग्वेदाचा प्रारंभच अग्नीच्या स्तुतीने होतो. त्यातील १०२८ सूक्तांपैकी सुमारे २०० सूक्ते अग्नीची आहेत. हा अग्नी देवांचा दूत खरा, पण तो माणसाच्या बाहेरचा. अरणींचे मंथन करून तो उत्पन्न करावयाचा. गार्हपत्य, आहवनीय व दक्षिणाग्नी या रूपांनी त्याची स्थापना करावयाची. सकाळ-सायंकाळ त्यात आहुती द्यावयाची. हे व्रत कष्टाचे होते आणि अधिकाराने बांधलेलेही होते. ज्याला वेदाचा अधिकार नाही, त्याला या अग्नीपाशी जागा नव्हती.

उपनिषदांच्या काळी या विचाराला मोठे वळण लागले. छांदोग्याच्या पाचव्या अध्यायात अशी कथा आहे, की पाच विद्वान गृहस्थ आणि उद्दालक आरुणी असे सहाजण वैश्वानर आत्मा म्हणजे काय, हे विचारण्यासाठी अश्वपती कैकेय राजाकडे गेले. राजाने सांगितले ते असे : ऊर हीच वेदी, हृदय हा गार्हपत्य, मुख हा आहवनीय; म्हणून पुढे येणारे पहिले अन्न हीच आहुती. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायातही प्राणिमात्रांच्या देहात राहून अन्न पचविणारा वैश्वानर सांगितला आहे, आणि इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरीने तो मराठीत आणला. आपल्या पानाशी ऐकू येणारे 'स्वाहा' याच परंपरेतले.

या विचाराचा पल्ला केवढा आहे, हे छांदोग्यच दाखविते. हे जाणणाऱ्याने आपले उरलेले अन्न चांडाळास दिले, तरी ती आहुती वैश्वानरातच पडते. भुकेली मुले आईभोवती बसावीत तशी सर्व भूते या अग्निहोत्राभोवती बसतात, असे तेथे म्हटले आहे. परंतु त्याच अध्यायात काही पाने आधी चांडाळाचा जन्म हे वाईट आचरणाचे फळ म्हणून सांगितलेले आहे, हेही आम्ही श्रोत्यांपासून लपवू इच्छीत नाही. एकाच अध्यायात दोन्ही वचने आहेत. समाजाने आचरणासाठी कोणते उचलले, हे आपण जाणतोच. अग्नी सर्वांच्या जठरात एकच मानला, तरी पंक्ती वेगळ्याच राहिल्या. नगरपालिकेने खुल्या केलेल्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह सत्याग्रह करावा लागला.

तेव्हा अग्निपूजेची थोरवी सांगताना आम्ही वेदीपाशीच थांबू नये. शेजाऱ्याच्या पोटातही तोच अग्नी आहे, हे एका उपनिषदाने फार पूर्वी सांगून ठेविले. ते मान्य असेल, तर पानाशी 'स्वाहा' म्हणताना आपल्या पंक्तीस कोण नाही, हेही एकदा पाहावयास हवे.