विस्तवाची निगा

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचा इतिहास सांगू लागले की रायगडावरचा १६७४ चा राज्याभिषेक, उमरठचे तानाजी मालुसरे आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह ही नावे आपोआप ओठांवर येतात. ती यावीतच. परंतु गड चढणाऱ्याला काय किंवा तळ्यावर चालत गेलेल्याला काय, त्या दिवशी कोणीतरी भाकरी भाजून दिलीच असेल. ती भाकरी ज्या विस्तवावर भाजली, त्याचा इतिहास बखरीत सापडायचा नाही. आज आपण त्या विस्तवाचा आणि मुख्यतः त्याची निगा राखण्याचा थोडा मागोवा घेऊ.

पहिली साक्ष आपली भाषाच देते. गावची वर्गणी ठरते ती ‘चुलीमागे’ अमुक इतकी. सगळ्या घराला जेवायला बोलवायचे तर ते ‘चूलबंद’ आमंत्रण. भाऊ विभक्त झाले म्हणजे त्यांनी ‘वेगळी चूल मांडली’. घर मोजायचे ते भिंतींवरून किंवा दारावरून नव्हे, तर चुलीवरून! चूल पेटती आहे म्हणजे घर चालते आहे, असा हा साधा हिशेब.

आता ही चूल पेटती ठेवायची म्हणजे काय काय करावे लागे, ते पाहा. रोज पहाटे आदल्या दिवसाची राख ओढायची, ओल्या मातीशेणाचे पोतेरे फिरवायचे, तडा गेला असेल तर तो लिंपायचा, चुलीची आणि वैलाची तोंडे मोकळी करायची. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, म्हणजे सकाळी फुंकणीने जाळ धरतो. आपल्याकडचा पाऊस काय सांगावा! म्हणून आगोटीच्या आधी चार महिन्यांचा लाकूडफाटा फोडून कोरड्या जागी रचायचा. त्यातही ओढाताण असे. कारण भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर फांद्या, पालापाचोळा आणि शेण हेच लागे. म्हणजे चूल आणि शेत, दोघांचे हात एकाच ढिगाकडे. हे सारे सांभाळणे बाईच्या अंगावर होते. घरचा कर्ता मुंबईला गिरणीत गेला तरी चूल काही त्याच्याबरोबर जात नसे.

धुराचा एक उपयोगही होता. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेल्या बियाण्याला कीड लागत नसे. पण त्याच धुराने घरच्या बायकांचे डोळे चुरचुरत आणि छाती भरे. लाकडाच्या धुरातील बारीक कण आणि विषारी वायू फुप्फुसांना अपाय करतात, हे आज शास्त्राने निश्चित केले आहे. त्या काळी त्याला ‘बायकांचा खोकला’ म्हणत आणि सोडून देत.

या धुरावर उपाय शोधणारे लोक पुढे आले. १९३४ साली महात्मा गांधींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला. त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते. तेथे धुराडे असलेली मगनचूल तयार झाली. पुढे १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींची राष्ट्रीय योजनाच हाती घेतली. ती २००२ पर्यंत चालली, आणि देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. एवढ्या चुली गेल्या कुठे, असा प्रश्न तुम्हांला पडेल. पुष्कळशा काही वर्षांतच बंद पडल्या. धुराडे काजळीने भरले की धूर पुन्हा घरात येणार. नळीवरची टोपी निघाली की पावसाचे पाणी थेट चुलीत. तडा बुजवला नाही तर ओढ मरते. चूल बांधून देणारा एकदाच आला, पण महिन्या-दोन महिन्यांनी धुराड्यात चिंधी बांधलेली काठी घालून काजळी झाडायची, हे त्या घरच्या बाईला बऱ्याच ठिकाणी कोणी समजावून सांगितलेच नव्हते. जुन्या चुलीची निगा आईकडून मुलीकडे आली होती, नव्या चुलीची निगा कोणाकडून यायची?

हीच कथा गोबर गॅसची. मलमूत्रापासून मिळणारा जळाऊ वायू वापरण्याचा प्रयोग मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ सालीच झाला होता. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी शेणावर चालणारे, तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र बनविले, आणि १९६० नंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात कालवून टाकायचे. आत जीवाणू ते कुजवतात आणि मिथेन वायू तयार होतो. उरलेला काला शेताला खत म्हणून जातो. म्हणजे चूल आणि शेत यांचे भांडण मिटविणारीच ही युक्ती! दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. एवढे शेण मिळाले की एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो.

पण हे संयंत्रही जितेजागते आहे. त्याला रोज खायला घालावे लागते. वर साका धरला तर टाकी फिरवून तो मोडायचा, नळीत साठलेले पाणी काढायचे, आणि पावसाळ्यापूर्वी टाकीला रंग द्यायचा, नाही तर गंज ती खाऊन टाकतो. घरची गुरे कमी झाली आणि रंगाचा हात चुकला, की वायूची टाकी नुसते लोखंडाचे भांडे होऊन राहते.

शहराकडून दुसरी वाट आली. १८९२ साली स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह रॉकेलवर चाले. त्याच्या बारीक भोकात कचरा अडकला की पिन घालावी लागे, आणि ती पिन हरवली की सगळे घर शोधायला लागे! मुंबईत १९५५ च्या सुमारास सिलिंडरचा गॅस आला. पुढे तो तालुक्याच्या गावी आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर वाडीवस्तीवरही पोहोचला.

गॅस आला म्हणून निगा संपली असे मात्र समजू नका. हवा आधी मिसळून वायू जाळला की ज्योत निळी आणि कडक होते, हे तत्त्व १८५५ च्या सुमारास बुन्सेनच्या दिव्याने प्रयोगशाळेत आणले. तेच तत्त्व तुमच्या शेगडीत आहे. ज्योत पिवळी झाली, भांड्याचे बूड काळे होऊ लागले, की हवेची वाट किंवा बर्नरची भोके बुजली असे जाणावे. रेग्युलेटर बंद करून, शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढावा, साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, भोके बारीक ब्रशाने मोकळी करावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, चीर दिसली तर त्याआधीच. जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावे. काडी ओढून कधीही पाहू नये. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साठतो. वास आला तर दारेखिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर आपण विसरलेलो नाही. पुराच्या गाळात बुडालेला सिलिंडर आणि शेगडी जाणत्या माणसाकडून तपासल्याशिवाय पेटवू नये.

थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी गॅसची मोठी भट्टी असते. तीसुद्धा हिवाळ्यापूर्वी दरवर्षी साफ करून तपासून घेतात. तिचे धुराडे तुंबले तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, आणि त्याला ना रंग ना वास. झोपेतच माणसे दगावतात. म्हणजे मगनचुलीचे धुराडे काय आणि त्या भट्टीचे धुराडे काय, नियम एकच. यंत्र बसविणे हे एका दिवसाचे काम आहे, ते राखणे हे रोजचे.

शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना आपापल्या घरच्या आजीकडे पाठवा. घरात चुलीनंतर काय आले, कोणत्या साली आले, जळण कोठून येई, एखादी वस्तू बंद पडली तर कशामुळे, हे वहीत लिहून आणायला सांगा. गावाच्या इतिहासाचे हे एक चांगले प्रकरण होईल. फक्त एक रकाना विसरू नका : ते साफ कोण करीत असे?